वाफशाची वाट पाहणारा नेपोलियन

चांदूर रेल्वेच्या फलाटावर मी अशी रडले, की चहावाल्यानं माझ्या मुलाला हळूच विचारलं, "कोनी गेलं का भाऊ?" मुलगा म्हणाला, "नाही हो, आई अकोल्याले राह्यले येऊन राहिली." इन-मिन दोन तासांचा प्रवास! लोकांची लेकरं अमेरिकेला जातात, विमानात जेवून घोरतात. आणि ही बाई कमरेला वांग्याच्या बियांची पुरचुंडी बांधून बडनेरा येईस्तोवर हुंदके देत होती. सहा वर्षांपूर्वीची ती मी आठवली की आज मला तिची गंमत वाटते. साठी उलटलेली, पण ढंग सासरी निघालेल्या पोरीचे.

धाकटी जाऊ कमल खिडकीशी उभी होती. तिला बजावलं, "माह्या खोलीले कुलूप राहू दे. पोळ्याले वापस येतोच मी." तेव्हापासून सहा पोळे झाले.

अकोल्यात चौथ्या मजल्यावर मी सहा वर्षं पाहुणी म्हणून काढली. साड्या बॅगेतून कपाटात गेल्या नाहीत. भाजीचा मळा करण्यात जन्म गेला, पण गॅलरीत एक कुंडी ठेवली नाही. उलट विकतच्या कोथिंबिरीला नाक मुरडायचं, "आमच्या मळ्यातली पाहा..." सून बिचारी ऐकून घ्यायची. मी तिच्या जागी असते तर ती जुडी माझ्या डोक्यात घातली असती.

मागच्या महिन्यात कमलचा फोन आला. "मोठ्या बाई, सुनेले शिलाई मशीन टाकाची हाये. तुमची खोली रस्त्यावर हाये, बाया येतीन कपडे घेऊन. देता का?"

 खोली दिली तर गावात माझं म्हणून काय उरलं? "विचारून सांगतो," म्हटलं. कोणाला विचारणार होते, देव जाणे. आठवडा तसाच गेला आणि रविवार आला.

रविवारी आमची लढाई असते. दुसऱ्या मजल्यावर मधुकरराव राहतात, इतिहासाचे निवृत्त मास्तर. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड, थर्माकोलच्या टेकड्या आणि बोटाच्या पेराएवढे शिपाई. फ्रेंच, इंग्रज, सगळे दोनशे वर्षांपूर्वीचे. टेपनं मोजून पलटणी सरकवायच्या आणि कोण मेलं ते फाशांना विचारायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांना शिपाई रंगवायला थिर हाताचं माणूस हवं होतं. रोपं लावून लावून माझा हात बसलेला, तेव्हा कोटाची बटणं मी रंगवली. मग नुसती रंगवून सोडते का? मीही खेळायला बसले. तिसऱ्या आमच्या नफिसाआपा. अमरावतीला उर्दू शाळेत शिकवायच्या, आता इथं लेकीकडे असतात.

त्या रविवारी बेल्जियममधलं वॉटर्लू होतं. मी नेपोलियन, मधुकरराव इंग्रज. आपा प्रशियन, म्हणजे इंग्रजांच्या मदतीला येणारे जर्मन; त्यांची फौज उशिरा टेबलाच्या कडेनं येणार. नियम असा, की आदल्या दिवशीच्या पावसानं जमीन ओली आहे. तोफा निम्म्याच सरकतात, गोळा चिखलात रुतून बसतो. दर चालीला जमीन थोडी सुकते.

आता काळ्या मातीतल्या बाईला ओल्या रानात गाडी घालायला सांगता? पाऊस उघडल्यावर माती पायाला चिकटायची थांबते, त्याला आम्ही वाफसा म्हणतो. तो येईपर्यंत आमच्याकडे कोणी वावरात औत घालत नाही. मी तोफा जागेवर ठेवल्या. एक चाल गेली, दुसरी गेली, तिसरी गेली.

"नेपोलियन काय करून राहिले?" मधुकररावांनी विचारलं.

"वाफसा पाहून राहिले."

"अहो बाई, हे बेल्जियम हाये!"

"असू द्या. चिखल तिथंही चिखलच."

चौथ्या चालीला वाफसा आला, तरी आणखी थोडं सुकू दे म्हटलं. पाचव्या चालीला जमीन मस्त वाळली. मी मिशीवर ताव दिल्यासारखं करत तोफा पुढे काढल्या, तोच आपांच्या पलटणी उजवीकडून भराभर टेबलावर उतरल्या. चष्मा वर सारत आपा म्हणाल्या, "जमीन तो सूख गई, बहन. मगर अब हम आ गए."

अर्ध्या तासात माझी बादशाही संपली. मधुकरराव म्हणाले, "जमीन सुकायची वाट खऱ्या नेपोलियननंही पाहिली म्हणतात. पण तुमच्याइतकी नाही." तिघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

जिना चढताना मात्र हसू थांबलं. वाफसा पाहायला मी शिकले होते, पण तो आला की त्याच दिवशी पेरायचं असतं, नाहीतर तीच जमीन दगड होते, हे कसं विसरले? साड्या बॅगेत, बिया पुरचुंडीत. सहा वर्षं तोफा जागेवरच! आणि इकडे रविवारी मला पाच मिनिटं उशीर झाला तर आपा खालून हाका मारतात. माझं घर अजून कुठंतरी व्हायचं आहे, असं मी धरून चालले होते. ते कधीच होऊन बसलं होतं.

वर जाऊन कमलला फोन लावला. "खोली दे सुनेले. मशीन उजेडाकडे तोंड करून मांड म्हणावं."

 ती म्हणाली, "मंग तुमी गावाले याल तवा निजाल कुठं?"

"तुह्याजवळ. सरकून घेजो."

"लय घोरता तुमी, बाई," कमल म्हणाली. "पण या."