दाविद सरांचा चिंचोका

वहिनींचा, म्हणजे दाविद सरांच्या पत्नीचा, फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. "मास्तर, सर गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मला आधी दुःख झालं नाही, भीती वाटली. आदल्याच आठवड्यात सरांनी माझं मनगट धरलं होतं, ती पकड अजून हाताला जाणवत होती. चहा तसाच राहिला.

दाविद सर मूळचे माढ्याचे, मी मोडनिंबचा. सोलापुरात एकाच शाळेत आमची नोकरी झाली. ते इंग्रजी शिकवायचे, मी इतिहास. पण त्यांचा सगळा जीव ग्रीकमध्ये. येशूचे प्रेषित गेल्यावर पुढच्या दोन-तीन पिढ्यांतल्या ख्रिस्ती माणसांनी लिहिलेली पत्रं आणि हकिकती ते मराठीत आणत होते. प्रती उतरवताना भाविकांनी त्यांत पदरचं बरंच घातलेलं. मूळ कुठलं आणि भर कुठली, यावर अभ्यासक अजून भांडतात. अक्कलकोट रोडच्या घरी, शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात, सर त्या भांडणात रमलेले असत. पुस्तकावर रेघ मारायची नाही हा त्यांचा नेम. ओळीचा संशय आला की वहिनींच्या डब्यातला एक चिंचोका ते तिच्यावर ठेवत.

"एवढ्या सुंदर ओळीवर चिंचोका?" मी चिडवायचो. "देवमाणसांवरही फौजदारासारखा संशय?"

"लई सुंदर हाय म्हणूनच की," ते म्हणायचे. "मागनं आलेल्यांना हुतात्मा भ्यालेला चालत न्हाय, मास्तर. ते त्याचं भ्या पुसून टाकतात."

एका म्हाताऱ्या धर्मगुरूच्या पत्रांवर त्यांचा फार जीव. त्याला पहाऱ्यात रोमला नेत होते, जनावरांपुढे टाकायला. मला वाचवू नका, असं तो तिथल्या मंडळींना वाटेतूनच कळवतो; आणि तिथं पोचल्यावर मीच वेगळं काही विनवलं तरी माझं ऐकू नका, असंही लिहितो. या ओळीवर सरांनी कधी चिंचोका ठेवला नाही. "स्वतःच्या जिभेचा भरवसा न्हाय त्याला," ते हळू आवाजात म्हणायचे. "ही ओळ त्याचीच."

शेवटच्या भेटीत सर खाटेवर होते. बोलता बोलता वीज गेली आणि शेजारचे माग एकदम थांबले. इतकी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. सरांनी माझं मनगट पकडलं. डोळे मोठे झालेले... "मास्तर, लई भ्या वाटतंय. मला जायचं न्हाय." मीही घाबरलो. मी त्यांच्याच वयाचा, छातीत कळ मलाही येते. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. आम्ही तिघंही माग सुरू व्हायची वाट बघत राहिलो.

मातीला खूप माणसं आली होती. चर्चच्या पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, पेपरच्या पुरवणीत सरांवर लिहाल तेव्हा सर हसतमुखाने गेले असं लिहा. लोकांना धीर येतो." मला ते पटलं. खरं सांगायचं तर तो धीर मलाच हवा होता. 'दाविद सर निर्भयपणे, प्रभूचं नाव घेत गेले,' अशी ओळ मी लिहिली. ती लिहून झाली त्या रात्री, कितीतरी दिवसांनी, मला नीट झोप लागली.

मजकूर आधी वहिनींना दाखवावा म्हणून घरी गेलो. सरांचं टेबल तसंच होतं. कागद तिथं ठेवून मी वाचू लागलो. त्या ओळीपाशी आलो तशा वहिनी उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि परत येऊन त्यांनी माझ्या ओळीवर चिंचोका ठेवला.

"वहिनी, लोकांना धीर..."

"ते भ्याले व्हते," त्या म्हणाल्या. "शेवटपत्तुर माझा पदर धरला व्हता त्यांनी. तेवढं तरी त्यांचं त्यांच्यापाशी ऱ्हाऊ द्या की."

मी ती ओळ खोडली. निघताना चिंचोका मागून घेतला. आता तो माझ्या टेबलावर असतो. वीज गेली, आजूबाजूचे आवाज थांबले, की मी तो मुठीत घट्ट धरतो. माझ्यामागे माझ्यावर कोणी चार ओळी लिहिल्याच, तर मी भीत होतो हे त्यांत राहू द्यावं.