घराची सोयरीक

नेसरीहून निघालो तेव्हा टेम्पोत सगळ्यात वर शेणींचं पोतं होतं. कोल्हापुरात अंघोळीचं पाणी तापवायला चूल कुठं पेटवणार, हा प्रश्न त्या बाईला पडला नाही. ती बाई म्हणजे मीच, काही वर्षांमागची. शेजारच्या घरातली थोरली जाऊ आमच्या अंगणात उभी राहून डोळे पुसत होती आणि मी टेम्पोतून तिला ओरडून सांगत होते, "अक्का, म्हशीला पेंड भिजवून घाला हं!" जणू दिवेलागणीला परतच येणार होते. आमचे हे माझ्या बाजूला बसलेले, मांडीवर तपासण्यांच्या फायली. त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी दवाखान्याजवळ राहायला सांगितलं, म्हणून हा सगळा खटाटोप.

मुलगा संजय पुण्याला. त्यानं कोल्हापुरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन दिल्या आणि बजावलं, "दिवाळीपर्यंत विकतचं घर जमलं तर ठीक. न्हायतर गप पुण्याला यायचं." पुण्यात सून गुणाची, घर ऐसपैस, पण तिथं चहा टाकायचा तरी मी आधी विचारते. मग ठसक्यात म्हटलं, "बघते की मी घर. भावकीतल्या किती सोयरिकी जुळवल्यात मी!"

तिथंच घोटाळा झाला. गावात राहिलेल्या माझ्या जावांनो आणि परमुलखात गेलेल्या लेकींनो, ती बाई खरंच सोयरीक बघायला निघाल्यासारखी घर बघायला निघाली.

पहिल्यांदा गेलो एका बड्या कंपनीच्या काचेच्या ऑफिसात. आत इतका गारठा की ह्यांनी टोपी कानावर ओढली. एका मुलीनं कॉफी दिली, भिंतीएवढ्या टीव्हीवर पोहायचा तलाव दाखवला. मी तिला विचारलं, "बाळ, तुझं आजोळ कुठलं?" ती म्हणाली, "आजी, आमच्याकडं ब्रोकरेज झिरो आहे." दलालीच घेत नाहीत, केवढं मोठं मन, असं मला वाटलं. मग हळूहळू एकेक निघालं. पार्किंगचे वेगळे, क्लबचे वेगळे, वरच्या मजल्याचे वेगळे, आणि जोतिबाचा डोंगर दिसतो त्या बाजूचे जादा. देवाच्या डोंगराकडं बघायचे पैसे! वर एकाच खोलीची मापं तीन: कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप. आमच्याकडं वावर मोजलं की मोजलं. इथं खोली कागदावर वाढत होती आणि पाय ठेवला की आखडत होती.

मग भेटला महादेव. साधा एजंट, कळंब्याच्या रस्त्याला एका शटरचं ऑफिस. त्याची आई बिद्रीची निघाली आणि माझं माहेरही बिद्रीच. संपलं! तो भाचा, मी मावशी, व्यवहार ठरला. पण त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मावशी, माझं कमिशन आधीच सांगतो. घेणार ते तुमच्याकडनंच, विकणाऱ्याकडनं न्हाय. म्हंजे बोलताना तुमच्या बाजूनं बोलता येतं." मला रागच आला. भाचा असून तोंडानं पैसे मागतो! ह्यांना म्हटलं, "पोरगं लोभी दिसतंय." जो आधी सांगतो तो लोभी आणि जो शेवटपर्यंत सांगत नाही तो दिलदार, असं त्या बाईचं शहाणपण.

महादेव घरं दाखवत सुटला. प्रत्येक घरात चहा व्हायचा, मी कप खाली ठेवायची आणि म्हणायची, "छान हाय की. कळवतो." पोरगी बघायला गेल्यावर कुणी तोंडावर नाही म्हणतं का? नकार मध्यस्थानं ओळखायचा, आणि दोन महिने काही कळवलं नाही की समोरच्यांनी समजून घ्यायचं. पण घर विकणाऱ्यांना ही रीत कुठली ठाऊक! राजारामपुरीतल्या एका निवृत्त मास्तरांनी माझं 'छान हाय की' धरून दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलं आणि एका सकाळी पेढे घेऊन दारात उभे राहिले. त्याच दुपारी कळंब्याला बघितलेल्या घराच्या मालकीणबाईंचा फोन, "मग काकू, कधी येताय राहायला?" दिवाळी पंधरवड्यावर आलेली. मी दोन घरांना होकार दिला होता आणि मला त्यातला एकही दिलेला आठवत नव्हता.

महादेव आला तो तणतणतच. "मावशी, घर बघताय का सोयरीक? बिद्रीत मी भाचा. हितं एजंट. कुठलं नको ते सरळ तोंडानं सांगा की!"

"अरे, त्यांना काय वाटंल?"

"वाटू द्या! तुम्हाला काय वाटतंय?"

मला काय वाटतं हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या लग्नातही नाही. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "माझ्याकडं काय बघतीस? जिना मला चढायचाय, पण घर तुला चालवायचंय." राजारामपुरीचं घर मोठं, पण जिना उभा. मी पदर सावरला आणि मास्तरांना स्वतः फोन लावला. "गुरुजी, घर न्हाय घेत आम्ही. चुकलं माझं." ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." एवढंच. आभाळ काही कोसळलं नाही.

कळंब्याचं घर घेतलं. लहान आहे, लिफ्ट आहे. पैशाच्या मानानं चांगलं मिळालं का, ते मला अजून नीट कळलेलं नाही. संजय म्हणतो महाग, महादेव म्हणतो स्वस्त, हे म्हणतात दवाखाना जवळ आहे.

गेल्या महिन्यात संजय आला. म्हणाला, "आई, आता नेसरीचं घर रिकामंच पडलंय. महादेवला सांगूया का गिऱ्हाईक बघायला?"

"न्हाय," मी म्हटलं.

"का पण? तिथं कोण राहणार हाय?"

त्याचं बरोबरच होतं. ह्यांना आता एवढा प्रवास झेपत नाही, मी एकटी तिथं राहणार नाही, संजय तर येणारच नाही. तरी पुन्हा म्हटलं, "न्हाय." मग उठले आणि कुणाला न विचारता चहा टाकला.