सुप्याच्या भिंतीवरचा परदेशी लांडगा

वाचनालयाचा हा फळा वाचणाऱ्या मित्रांनो, आज डोकं फिरलंय.

सुपे गावातल्या नव्या बालवाडीच्या भिंतीवर मी चार दिवस खपून युरोपातल्या एका चेक चित्रकाराच्या परीकथांच्या पुस्तकातला लांडगा काढला. पट्टीने मोजून, पुस्तकातल्यासारखा हुबेहूब. उद्या बालवाडीचं उद्घाटन आहे.

दुपारी जन्मभर मेंढरं राखलेले आबा आले. "काय रं पेंटर, ही मेंढी हाय का अस्वल?"

"लांडगा आहे, आबा!"

"एवढी केसं? आपला लांडगा वाळका, लांब टांगांचा. पोरं खऱ्याला वळखायची कशी?"

चिडून पुस्तक दाखवायला गेलो, तर त्यातच लिहिलेलं: हा चित्रकार आयुष्यभर स्वतःच्याच गावच्या रानातली जनावरं पाहून चित्रं काढायचा.

लांडग्यावर चुना फासून आलोय. पहाटे आबा सांगतील तसा नवा काढायचाय. तुमच्यापैकी कुणी लांडगा जवळून पाहिलाय का?