काशीनं आणलेली गौर

काशीच्या डोळ्यापुढं मधनंच चकचक यायची. आधी एवढासा ठिपका, मग तो पसरायचा नि दातेरी विळ्यावर ऊन पडल्यागत नुसता लखलखायचा. समोरच्या माणसाचं अर्धं तोंडच गायब! घटकाभरानं चकचक जायची, पण मग डोकं असं धरायचं की काळोखाच्या खोलीत पडल्याबिगर इलाज नाय. रत्नागिरीच्या डॉक्टरनं सांगितलंन, अर्धशिशी हाय, डोळे चांगले हायत. डोळे चांगले म्हटल्यावर घरातली काय म्हणणार? सोंग म्हणाली.

पण ते काशीला एवढं नाय लागायचं. लागायची ती सगुणा, धाकटी जाव. काशी पडली रे पडली की हिनं पदर खोचलाच! आधी भाकऱ्या हातात घेतल्यान, मग सासूचा चहा. काशीचा घोव रामा मुंबईत गिरणीत. तो गणपतीला आला नि जेवताना म्हणतो कसा, "कालवण सगुणेच्या हातचं झकास हां!" काशीनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलंन.

तिच्याकडं आता एकच मान उरला होता. गौर आणायची ती थोरल्या सुनेनं. आपली गौर म्हणजे तेरड्याची रोपं. व्हाळाच्या पाण्याकाठी पुजायची, सुपात घ्यायची, तोंडात पाण्याची चूळ धरायची नि न बोलता घरी आणायची. वाटेत चूळ सांडली की गौर रुसली.

गिरणीच्या संपाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. काशीनं गौर पुजलीन, चूळ भरलीन, सूप उचललंन, तोच डोळ्यापुढं ठिपका! सगुणा बाजूलाच नारळ घेऊन उभी. तिला सांगायचं तर चूळ थुंकायला हवी, नि मग सूप तिच्याच हातात जाणार. काशी मनात म्हणाली, आंधळी झाले तरी चालेल, पण हिला देणार नाय. नि निघाली.

डावीकडचं काय दिसेनाच. एक पाय गेला भाताच्या खाचरात.

"वयनी, उजवीकडं व्हा!"

काशीनं मान झटकलीन.

"मान काय झटकता? चकचक आलीय ना? तुमची पावलं बघून कळतं मला. द्या इकडं सूप."

काशीनं सूप छातीशी आवळलंन. गाल चुळीनं फुगलेले, डोळ्यात राग. सगुणेला हसू फुटलं.

"बरं, नका देऊ. कोण हिसकावतंय? आता दगडांचा गडगा हाय. पाय उचला. अजून थोडा. हां..."

अशी बोलत बोलत तिनं काशीला दारापर्यंत आणलीन. काशीनं गौर पाटावर ठेवलीन, अंगणात जाऊन चूळ टाकलीन नि तिथंच भिंतीला टेकली.

मग पडली काळोखात. बाहेर सासू येसूबाई बायकांना सांगत होती, "सगुणेनं किती सांभाळून आणलंन गो वयनीला!"

गौर आणली कुणी, नि कौतुक कुणाचं!

सगुणा ओलं फडकं घेऊन आत आली. काशीनं डोळे मिटूनच सुनावलंन, "पुढच्या वर्षी पण मीच आणणार. सांगून ठेवते."

"आणा की. मी येईन संगती."

काशीनं फडकं कपाळावर ठेवू दिलंन. मग म्हणाली, "ये. पण वाटेत बोलशील ते हळू बोल. अख्ख्या वाडीला ऐकवलंस मेले!"