मुलाखतीतली काकू

गुरुवारी सकाळी आई गेली. दुपारी तिला बनशंकरीच्या विद्युतदाहिनीत नेलं. संध्याकाळी मी ई-मेल उघडला, तर आमचा विभाग महिनाअखेरीस बंद होणार असल्याचं पत्र आलेलं होतं.

मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते. अठ्ठावीस वर्षं बँकांची सॉफ्टवेअर लिहिण्यात गेली होती, आणि जे. पी. नगरच्या फ्लॅटमध्ये आईबरोबर राहण्यातही जवळपास तेवढीच. नोकरी पोटासाठी हवी होतीच. शिवाय सकाळी नऊ वाजता आपली कुठेतरी वाट बघितली जावी, यासाठीही हवी होती.

पाच महिन्यांत अकरा मुलाखती दिल्या. कॉलेज सुटल्यापासून ज्यांचं तोंड पाहिलं नव्हतं ती प्रोग्रामिंगची कोडी पुन्हा पाठ केली. यंत्राकडून कोड लिहून घ्यायला शिकले आणि त्याच्या चुका शोधायलाही. चुकांबद्दल मात्र कुणी विचारलं नाही. एका सल्लागार बाईंनी बायोडेटातली पहिली पंधरा वर्षं काढायला लावली. "मॅडम, एवढा अनुभव बघून लोक घाबरतात." काढली. पदवीचं साल तसंच राहिलं. पुढच्या मुलाखतीत प्रश्न आला, "पदवीनंतर पंधरा वर्षं तुम्ही काय करत होता?"

बारावी मुलाखत व्हिडिओवर होती. समोरचा तिशीचा असावा. त्याने एक कोड दाखवला, ज्यात ग्राहकाचे पैसे कधीकधी दोनदा वळते होत होते. दहा मिनिटांत मी जागा दाखवली. तो स्वतःशीच पुटपुटला, "च्यायला, हे सुचलंच नव्हतं."

आई गेल्यापासून माझ्याशी कुणी मराठीत बोललं नव्हतं. बाजारात कन्नड, कामाचं सगळं इंग्रजीत. माझ्या तोंडून निघून गेलं, "मलाही आधी नव्हतं सुचलं."

"तुम्ही मराठी? आडनावावरून कळलंच नाही."

"बेळगावची."

"मी पुण्याचा. काकू, इथे ज्वारीची भाकरी कुठे मिळते हो?"

मी सांगितलं. भाकरीवरून पिठल्यावर गेलो, पिठल्यावरून त्याच्या बायकोला इथे करमत नाही यावर. वीस मिनिटं बोललो. लॅपटॉप मिटताना मी खुशीत होते. इतका मूर्खपणा मी अठ्ठावीस वर्षांत केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नकार आला. दुपारी त्याचाच फोन.

"काकू, राग मानू नका. तुमचं काम एकदम बेस्ट होतं. पण आमची टीम सगळी पंचविशीतली. तुमची चूक कोण काढणार?"

"काढा की. अठ्ठावीस वर्षं लोक काढतच आलेत."

"तसं नाही हो. रात्री सिस्टिम बंद पडली तर तुम्हाला कसं उठवायचं?"

"वर्षभर रात्रीतून तीनदा उठत होते मी. आई आजारी होती."

"तेच ना, काकू. माझ्या आईच्या वयाच्या तुम्ही. माझ्याच्याने नाही व्हायचं." मग म्हणाला, "काही लागलं तर हक्काने सांगा. घरचंच समजा."

"घर आहे रे मला," मी म्हटलं. "नोकरी नाहीये."

तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

मुलगा वाईट नव्हता, म्हणूनच जास्त वैताग आला. उद्धट माणसावर निदान चिडता येतं. काकू म्हणेपर्यंत मी उमेदवार होते. माझ्या जागी त्रेपन्न वर्षांचा पुरुष असता तर तो त्याला सर म्हणाला असता, आणि सरांना रात्री उठवायला कुणाला संकोच वाटत नाही. काकूला कामावर ठेवत नाहीत. काकूची विचारपूस करतात.

तेरावी मुलाखत बोम्मसंद्र्यात, पंपांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात झाली. त्यांच्या मालसाठ्याचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळायला माणूस हवा होता. मॅनेजर माझ्याच वयाचे. त्यांच्या टेबलावर मराठी दिनदर्शिका होती, एकादशीला पेनाने गोल केलेला. त्यांनी विचारलं, मूळच्या कुठल्या? मी इंग्रजीतच सांगितलं, इथलीच, जे. पी. नगरची. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, तो कामाचा होता.

सहा महिन्यांचं कंत्राट मिळालं. तिथे मला मॅडम म्हणतात, चुका दाखवतात, आणि परवा रात्री एकदा उठवलंही. मॅनेजर निपाणीचे आहेत, हे मला नंतर कळलं. मी अजून त्यांच्याशी मराठीत बोललेले नाही. कंत्राटाचे चार महिने उरले आहेत.