हात किती मिनिटे बांधले

बाळांनो, धाकटीने विचारलं की डोळे फार खाजतात, दोनपैकी कोणते ड्रॉप्स चांगले. त्याआधी माझ्या ओठावरच्या खुणेचं सांगायला हवं. उंबऱ्याला अडखळले, असं मी तुम्हाला व्हिडिओवर म्हणाले होते. ते खोटं होतं. ती खूण तुमच्या आजोबांच्या मुठीची आहे.

आजोबांचा डावा डोळा लहानपणीच कपाशीची वाळकी काडी घुसून गेला. उरला उजवा. शिरपुरात कापसाचं जिनिंग सुरू झालं की हवेत रुईचा भुरा उडतो आणि ते त्या एका डोळ्यावर तुटून पडत. बोटांची हाडं रुतवून चोळत. एकदा पापणी फाटून रक्त आलं, बुबुळावरही ओरखडा उठला. धुळ्याच्या डॉक्टरांनी तो ओरखडा आधी भरू दिला, मग अ‍ॅलर्जीचे दोन ड्रॉप्स लिहून दिले.

"एक आठवडा हे, मग ते. ज्याने खाज लवकर थांबेल ते ठेवा. पण पुन्हा चोळलं तर हाही डोळा जाईल."

मी वही आखली. थेंब टाकला की जुन्या लुगड्याच्या पट्टीने त्यांचे हात खुर्चीला बांधायचे आणि खाज थांबेपर्यंत घड्याळ बघायचं.

"म्हैस शे का मी, बांधी ठेवाले?"

"म्हैस स्वतःचा डोळा फोडून घेत नाही."

पहिले ड्रॉप्स झोंबायचे. ते खुर्चीसकट आपटायचे, लाथेने स्टूल उडवायचे. वहीत पंधरा मिनिटे, अठरा, सोळा. पाचव्या दिवशी गाठ सैल राहिली. उजवा हात सुटून डोळ्याकडे निघाला. मी मनगट धरलं, तशी मूठ माझ्या तोंडावर बसली. दात ओठातून आरपार गेला.

"सोड वं, नही ते मारी टाकसू."

"मारा. डोळ्याला हात लागणार नाही."

मी त्या मनगटाला कडकडून चावले. हात ढिला पडला, तेवढ्यात पुन्हा बांधला. पट्टीवर दोघांचंही रक्त होतं.

दुसरे ड्रॉप्स झोंबले नाहीत. चार मिनिटे, तीन, तीन. धाकटे, आमच्या घरी हे चांगले ठरले. तू तुझ्या डॉक्टरांना विचार.

या दुसऱ्या ड्रॉप्सच्या चौथ्या दिवशी मी पट्टी आणलीच नाही. आजोबांनी त्या डोळ्याने माझ्या ओठावरचे टाके बराच वेळ पाहिले. मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले.

"बांध."

"आता गरज नाही."

"तरी बांध."

मी बांधले. रुईच्या दिवसांत अजूनही बांधते.