मुकी भिंत

कदम सर गेल्याचं कळलं तेव्हा मी मेथी निवडत होते. शाळेच्या शिपाईमामांचा फोन. "सर गेले, ताई..." महिना होत आला, तरी माझं मन मानत नाही.

सर आमच्या टेंभुर्णीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. 'बोलक्या भिंती' करा असा वरून आदेश आला आणि सरांनी शिडीवर चढून पहिलीचा वर्ग रंगवला. मोर, बाराखडी, पाढे, फळं. बोटभर जागा सोडली नाही. कौतुकाची हौसही दांडगी! येईल त्याला हाताला धरून मोर दाखवायला न्यायचे.

माझी सुमन त्याच वर्गातली. पण दारातच ती डोळे गच्च मिटून किंचाळायची. 'स्वमग्न' हा शब्द तेव्हा आमच्याकडं पोचला नव्हता. लोक तिला हट्टी म्हणत आणि खापर माझ्यावर फोडत. शेवटी हेडसरांनी सांगितलं, पोरीला घरीच ठेवा.

त्या दिवशी कदम सर तिच्याशेजारी उंबऱ्यात बसले. बराच वेळ तिच्या उंचीवरून वर्गाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, पोरगी येडी न्हाई. भिंतीच लई बोलून राह्यल्या. एवढ्या गलक्यात तिनं ऐकावं तरी कुणाचं?"

रविवारी त्यांनी स्वतःच्या हातानं सगळ्या भिंतींवर, त्या मोरावरही चुना मारला. मी शिडी धरून उभी होते. दोन हात दिले तरी निळा रंग दिसतच होता. "रंग पक्काच आणल्ता ना मी," असं म्हणून हसले आणि बाहीनं डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं... पण मी थांबा म्हणाले नाही. मग त्यांनी हेडसरांच्या मागं लागून रस्त्याकडची खिडकी बुजवून घेतली, कोपऱ्यात कमरेएवढी आडभिंत बांधून घेतली. त्या आडोशाला सुमन पहिल्यांदा पाटी घेऊन बसली.

परवा शाळेत शोकसभा झाली. सरांचा फोटो त्याच वर्गात लावायचं ठरलं. आता तिथं सुमनसारखी दोन लेकरं बसतात. मी उठून म्हणाले, "तिथं नको." ज्या माणसानं माझ्या लेकीला शाळा दिली, त्याच्या फोटोला मीच नको म्हणत होते. मला रडू आवरेना.

सरांच्या पत्नी उठल्या. "ताई बराबर बोलून राह्यल्या. मंग मी घरीच लावते." फोटो उचलून त्या निघाल्या, वर्गाच्या दाराशी थबकल्या. काच चमकून लेकरं बिचकू नयेत म्हणून त्यांनी सरांना पदराखाली झाकून घेतलं, आणि हळूच पुढं गेल्या.